मेनूवरचे तीन, खिशातून चार: एका निरोपाच्या जेवणाचा हिशोब

पार्श्वभूमी

आमच्या विभागातली एक सहकारी नोकरी सोडून चालली होती, म्हणून निरोपाचं जेवण ठरलं. एकूण सातजण. ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचं नाव नाही, चलनही लिहिलेलं नाही. सगळे आकडे एकाच पटीत बदलले आहेत. किमती खऱ्या नाहीत, पण गणित खरं आहे.

जिच्यासाठी जेवण होतं तिला पाहुणी म्हणू. टेबल आरक्षित करणारा आणि शेवटी कार्ड पुढे करणारा तो म्होरक्या. विभागात सगळ्यात ज्येष्ठ त्या मॅडम. म्होरक्याच्या बाजूला बसला होता तो शेजारी. चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला, पगार सगळ्यात कमी, तो नवखा. एक सहकारी काम संपवून तासाभराने पोचली, ती उशिरा आलेली. सातवा मी. हा हिशोब पुढे माझ्या गळ्यात पडला म्हणून हे लिहितोय, आणि घोळ घालणाऱ्यांत मीही होतो हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवातीला मध्ये ठेवलेल्या प्लेट्स आल्या, त्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. मग ज्याने त्याने आपापलं मागवलं. जेवण अर्ध्यावर असताना म्होरक्या म्हणाला, "नंतर सरळ भागाकार करू." हे टेबलाच्या त्या टोकाला मॅडमनी आणि शेजाऱ्याने ऐकलं. आमच्या टोकाला मी आणि नवखा. आमच्यापर्यंत ते पोचलं नाही. उशिरा आलेली तर तेव्हा दारातून आतही आली नव्हती. पुढचं सगळं रामायण या एका अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर उभं आहे.

काय झालं

बिल आलं १०,१६४. म्होरक्याने शेवटचा आकडा पाहिला, साधारण दहा टक्के टिप धरली आणि गोळाबेरीज ११,२०० करून कार्ड लावलं. पाहुणीला वगळून सहाने भागलं, १,८६६ आणि काही अपूर्णांक आला, तो वर ओढून ग्रुपवर मेसेज टाकला: "प्रत्येकी १,८७०." (सहा गुणिले १,८७० म्हणजे ११,२२०. वरचे २० कुठले, हे कुणी विचारलं नाही. मोठा घोळ असला की छोटा दिसत नाही.)

मॅडम आणि शेजाऱ्याने लगेच पैसे पाठवले. नवख्यानेही पाठवले. त्याने ते दुसऱ्या एका मित्राकडून उसने घेतले होते, हे आम्हाला नंतर कळलं. उशिरा आलेलीने मेसेजकडे काणाडोळा केला आणि ६०० पाठवले: तिचा पदार्थ ५०० चा होता, वर शंभर टिप. मीही माझं मोजून १,००० पाठवले, ८०० माझ्या पदार्थांचे आणि २०० मधल्या प्लेट्समधला वाटा. तो वाटा धरला म्हणून स्वतःवर खूशही होतो.

म्होरक्याकडे जमा झाले ७,२१०, म्हणजे त्याच्या खिशातून गेले ३,९९०, त्याच्या स्वतःच्या १,८७० पेक्षा २,१२० जास्त. तो तीन आठवडे गप्प राहिला. मग एका रात्री ग्रुपवर मेसेज आला: "ज्यांनी फुकट जेवायचं ठरवलं होतं त्यांनी आधी सांगायचं." त्या ग्रुपमध्ये पाहुणी अजून होती. दोन मिनिटांत तिचा मेसेज: "माझे किती झाले? पाठवते." निरोपाच्या जेवणाचा याहून कडू शेवट मला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "तू आकडेमोडीतला माणूस. बघ आणि मिटव." १,००० पाठवणारा मीच, हे त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

बिल वाचताना

म्होरक्याने बिल पाकिटात जपून ठेवलं होतं. अशी बिलं उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात, शाई नसतेच, त्यामुळे घडीवरच्या ओळी पार पुसट झाल्या होत्या. मोबाईलचा दिवा आडवा धरून वाचलं. पदार्थांची बेरीज ८,४००. त्याखाली एक ओळ: सेवाशुल्क, १० टक्के, ८४०. मग ९,२४० वर १० टक्के कर, ९२४. एकूण १०,१६४.

मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी असते, आणि मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. ती ओळ सातातल्या कुणीच वाचली नव्हती. म्हणजे १० टक्के सेवेपोटी आधीच दिले गेले होते, आणि त्यावर म्होरक्याने आणखी १,०३६ ठेवले. तेही एकूण रकमेवर मोजून: करावरही टिप, सेवाशुल्कावरही टिप. दोन्ही मिळून १,८७६ होतात, पदार्थांच्या किमतीच्या २२ टक्क्यांहून थोडे जास्त.

सेवाशुल्क सगळीकडे वाढणाऱ्यांच्याच हातात पडतं असं नाही. काही ठिकाणी ते मालकाच्या गल्ल्यात जातं. म्हणून म्होरक्याने ठेवलेले १,०३६ वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण ते ठरवून दिलेले नव्हते, नजरचुकीने दिलेले होते.

आता आमच्या, म्हणजे "आपलं मोजून देणाऱ्यां"च्या चुकीकडे. मेनूवर ८,४०० चे पदार्थ आणि कार्डावर ११,२००. भागून पाहिलं तर बरोबर चार तृतीयांश. मेनूवरच्या दर तीनमागे खिशातून चार गेले होते. टिप बाजूला ठेवली तरी नुसत्या बिलाचा गुणक १.२१ येतो. दहा आणि दहा मिळून वीस होत नाहीत, कारण कर सेवाशुल्कावरही लागला होता. उशिरा आलेलीने ५०० वर १०० दिले तेव्हा तिला वाटलं की आपण वीस टक्के टिप दिली. प्रत्यक्षात ५०० चे बिलातच ६०५ होत होते. टिप राहिली बाजूला, तिचं बिलच पाचने कमी पडलं होतं.

आणि पाहुणीचं? ते आम्ही दोघांनीही धरलं नव्हतं. समजा सहाही जणांनी माझ्यासारखंच मधल्या प्लेट्सचा वाटा धरून आपापल्या पदार्थांची किंमत ठेवली असती, तर जमले असते ७,३००. ११,२०० ला ३,९०० कमी, एक तृतीयांशाहून जास्त. यात लबाडी कुणाचीच नसते. प्रत्येकजण आपलं चोख मोजतो, आणि जे कुणाच्याच नावावर नसतं ते सगळं बिल भरणाऱ्याच्या डोक्यावर बसतं.

पर्याय

पहिला, सरळ भागाकार. सोपा आहे आणि जेवणं सारखी असतील तर उत्तमही. इथे नवख्याचं मेनूवरचं सगळं मिळून ६०० आणि मागणी १,८७० ची, तिपटीहून जास्त. शिवाय सरळ भागाकाराचा आणखी एक गुण आहे: तो आधी जाहीर झाला की माणसं जास्त मागवतात. उरी नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे यांनी हे प्रत्यक्ष रेस्तराँमध्ये तपासलं. २००४ साली तो निबंध आला. बिल सारखं वाटायचं म्हटल्यावर लोकांनी आपापलं भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं, आणि तरीही बहुतेकांची आवड आधी विचारली तेव्हा ती स्वतंत्र बिलाचीच होती. शेजाऱ्याचे १,८०० झाले होते आणि त्यातलं बरंचसं म्होरक्याच्या त्या वाक्यानंतरचं. मी त्याला दोष देत नाही. नियम सांगितला गेला, त्याने नियमाप्रमाणे मागवलं.

दुसरा, ज्याचं त्याचं मोजून एका गुणकाने गुणणं. कर, सेवाशुल्क, टिप वेगवेगळे वाटत बसायची गरज नाही. दिलेली एकूण रक्कम भागिले पदार्थांची बेरीज, आलेल्या आकड्याने प्रत्येकाचं गुणायचं. सवलत मिळाली असती तर तीही याच गुणकात मुरली असती.

तिसरा मॅडमनी सुचवला: पगाराच्या प्रमाणात. हेतू चांगला होता. पण मग पगार टेबलावर मांडायचे, आणि एका जेवणासाठी ते कोण मांडणार? चौथाही त्यांचाच: "पाहुणीचं सगळं माझ्याकडे लावा." यावर पुढे येतो.

निर्णय

दुसरा पर्याय धरला. पण गुणक लावला की हिशोब संपला असं होत नाही. तीन ठिकाणी अडलो.

एक, मधल्या प्लेट्स. त्या १,२०० च्या होत्या. सातने भागायच्या की सहाने? उशिरा आलेली पोचली तेव्हा त्या उचलूनही झाल्या होत्या. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च वाटण्याचा एक जुना प्रश्न आहे, लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये मांडलेला: धावपट्टीचा जेवढा तुकडा ज्या विमानाला लागतो, तेवढ्याच तुकड्याच्या खर्चात त्याचा वाटा. पहिला तुकडा सगळ्यांना लागतो म्हणून सगळ्यांत वाटायचा, शेवटचा फक्त सगळ्यात मोठ्या विमानाला. इथेही तेच केलं. मधल्या प्लेट्स पाहुणीसह सहाजणांत, २०० प्रत्येकी. उशिरा आलेली त्यातून बाहेर.

मग मेनूच्या किमतीने प्रत्येकाचं असं झालं: पाहुणी १,१००, म्होरक्या १,५००, मॅडम १,९००, शेजारी १,८००, नवखा ६००, उशिरा आलेली ५००, मी १,०००. बेरीज ८,४००, बिलाशी जुळली.

दोन, पाहुणी. तिचे १,१०० म्हणजे गुणकाने १,४६७ च्या आसपास. माझा पहिला मसुदा असा होता की तेही खाण्याच्या प्रमाणातच वाटावेत, म्हणजे नवख्यावर भार कमी. त्याचे एकूण ९२१ होत होते. त्याला दाखवलं. तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, माझं जेवण कमी होतं हे बरोबर. पण निरोप सगळ्यांनी दिला ना? त्यात माझा अर्धा वाटा का?" मॅडम सगळं स्वतःवर घ्यायला तयार होत्या, त्यालाही त्याने याच कारणासाठी नाही म्हटलं. त्याचं म्हणणं मला आकड्यांत दिसलं नव्हतं, आणि सांगतो, दिसायला हवं होतं. पाहुणीचा वाटा सहाजणांत सारखा केला, २४४ आणि काही. नवख्याचे एकूण १,०४४ झाले, माझ्या "न्याय्य" मसुद्यापेक्षा १२३ ने जास्त, आणि तो समाधानी होता.

तीन, टिपेचे १,०३६. ते म्होरक्याने कुणाला न विचारता ठेवले. ते सगळ्यांच्या गुणकात धरायचे की त्याच्या एकट्याच्या नावावर? मी गुणकात धरले. टेबलावरून उठताना ताटलीत काय ठेवलं हे आम्हीही बघितलं नव्हतं, आणि "दादा, मी बघतो" असं त्याला कुणी म्हटलंही नव्हतं. मोठ्या गटात हे नेहमी होतं. बिब लटाने आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये टिपेची मोजणी केली तेव्हा दिसलं की टेबलावर माणसं वाढतात तशी टिपेची टक्केवारी उतरते. ज्याला त्याला वाटतं, दुसरा कुणी ठेवेल. आमच्याकडे उलटं झालं, कारण एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने ठरवलं.

राहिले अपूर्णांक. पूर्णांकात आणताना सगळ्यांचे खाली ओढले तर बेरीज ११,१९७, म्हणजे तीन कमी. ते तीन कुणी द्यायचे? ज्यांचा सांडलेला अपूर्णांक सगळ्यात मोठा, त्यांनी एकेक. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांत वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९२ मध्ये हीच रीत सुचवली होती, आणि त्या वाटपाचं विधेयक जॉर्ज वॉशिंग्टनने नाकारलं. अमेरिकन राष्ट्राध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार. आमच्याकडे एक मॅडमवर, एक माझ्यावर आला. तिसऱ्यासाठी म्होरक्या, शेजारी आणि नवखा बरोबरीत होते; तो म्होरक्याने घेतला.

अंतिम: म्होरक्या २,२४५, मॅडम २,७७८, शेजारी २,६४४, नवखा १,०४४, उशिरा आलेली ९११, मी १,५७८. बेरीज ११,२००.

पैसे कसे फिरवले

आधी दिलेले वजा केले तर मॅडमकडून ९०८ यायचे, शेजाऱ्याकडून ७७४, उशिरा आलेलीकडून ३११, माझ्याकडून ५७८. नवख्याला परत ८२६, म्होरक्याला १,७४५. दोन्ही बाजू २,५७१.

सहा माणसांचं देणंघेणं जास्तीत जास्त पाच व्यवहारांत मिटतं. माणसांपेक्षा एक कमी. चारांत मिटवायचं तर काही देणेकऱ्यांची बेरीज अचूक ८२६ यायला हवी होती, ती येत नव्हती. पाचाच्या दोन सोप्या वाटा होत्या. मॅडमनी थेट नवख्याला ८२६ आणि म्होरक्याला उरलेले ८२ द्यायचे, बाकी तिघांनी म्होरक्याला. नाहीतर चौघांनीही म्होरक्याला, आणि म्होरक्याने नवख्याला. कागदावर दोन्ही सारख्याच. पण पहिल्या वाटेने मॅडमकडून नवख्याच्या खात्यात पैसे जमा होणार, आणि त्याचा अर्थ काय लागेल हे कुणाला सांगायला नको. दुसरी घेतली. ज्याने जास्त मागितले होते, त्यानेच परत केले.

निष्पत्ती

मॅडमनी आणि मी त्याच दिवशी पाठवले. उशिरा आलेलीने दोन दिवसांनी, "मला १.२१ माहीतच नव्हतं" अशा निरोपासह. पाहुणीला म्होरक्याने फोन केला. काय बोलणं झालं ते विचारलं नाही, पण तिने पैसे पाठवायचा विषय पुन्हा काढला नाही.

शेजाऱ्याने ७७४ दिले नाहीत. त्याचं म्हणणं साधं होतं: "सरळ भागाकार म्हणालात. मी ऐकलं, तसं मागवलं, मागितले तेवढे पहिल्या तासात दिले. तीन आठवड्यांनी नियम बदलून मला देणेकरी ठरवता?" माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. आकड्यांच्या बाजूने मी बरोबर होतो, शब्द पाळण्याच्या बाजूने तो. शेवटी म्होरक्याच म्हणाला, "टिप मी न विचारता दिली, भागाकारही मीच बोललो. त्याचे माझ्यावर." १,७४५ ऐवजी त्याला ९७१ मिळाले, आणि त्याचं जेवण ३,०१९ ला पडलं.

पुन्हा वेळ आली तर

वाटणीची रीत मागवण्याआधी आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. जो अजून पोचला नाही त्याला मेसेज करून. हे झालं असतं तर शेजाऱ्याचा आक्षेप निघालाच नसता, आणि नवखा तिथल्या तिथे बोलू शकला असता. बोलला असता की नाही, माहीत नाही. नव्या माणसाने सगळ्यांसमोर "मला परवडत नाही" म्हणावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. सगळ्यात कमी मागवणाऱ्याकडे पाहून रीत ठरवणं हे बाकीच्यांचं काम.

बिलाचा फोटो टेबलावरच काढायला हवा होता. तीन आठवड्यांनी पुसट कागदावरून "हे कुणाचं?" विचारत बसलो, त्यात दोन पदार्थांवर कुणी हक्कच सांगेना. ते माझ्या नावावर घातले, कारण ते माझेच असावेत असा मला दाट संशय होता.

आणि सरळ मागणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. "२,१२० कमी पडलेत, बघा जरा" एवढं म्होरक्या चौथ्या दिवशी लिहिता, तर मी मुकाट्याने पाठवले असते. तीन आठवडे मनात ठेवलेला हिशोब आकडा म्हणून बाहेर पडत नाही, टोमणा म्हणून पडतो.

माझ्या पद्धतीतही एक गोष्ट बदलेन. आधीच ठरलेल्या गोष्टीवर गुणक मागाहून लावायचा असेल, तर ज्यांना परत मिळायचं त्यांचा हिशोब आधी करेन आणि ज्यांच्याकडून जास्त घ्यायचं त्यांना आधी विचारेन. मी शेजाऱ्याला थेट तक्ता पाठवला होता, आकडा ठळक करून.

महिन्याभराने आम्ही पुन्हा बाहेर जेवलो: म्होरक्या, नवखा, उशिरा आलेली (या वेळी वेळेवर) आणि मी. बिल आल्यावर म्होरक्याने कार्ड काढण्याआधी तळाच्या ओळी मोठ्याने वाचल्या. कर होता, सेवाशुल्क नव्हतं; चौघांच्या बिलात ते लागत नव्हतं. नवख्याने दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवून कराआधीच्या रकमेचे दहा टक्के काढले, आणि उशिरा आलेली म्हणाली, "आता गुणक किती, तेवढं सांग."